सूचना तंतोतंत पाळली तरी इन्स्टॉल होत नाही: टेसरॅक्टच्या निमित्ताने टर्मिनलच्या सूचनांची दुरुस्ती

जुन्या मराठी पुस्तकाची पानं स्कॅन केली आणि त्यातला मजकूर हाताने टाइप न करता मिळवायचा म्हटलं, की फिरून फिरून टेसरॅक्टचं नाव येतं. १९८५ ते १९९४ या काळात ह्यूलेट-पॅकार्डमध्ये घडलेलं हे सॉफ्टवेअर २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. पुढे अनेक वर्षं गूगलने ते सांभाळलं आणि २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत न्यूरल नेटवर्क आलं. छपाई स्वच्छ असेल तर ते देवनागरी बरंच नीट वाचतं. पैसे लागत नाहीत. बसवायलाही सोपं आहे, असं ज्यांनी बसवलंय ते सांगतात. त्यांची सूचना साधारण अशी असते:

$ सुडो एपीटी इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर
$ पिप इन्स्टॉल पायटेसरॅक्ट
$ टेसरॅक्ट <फाइल> <आउटपुट> -एल एमएआर

टर्मिनल म्हणजे संगणकाला टाइप करून आदेश (कमांड) द्यायची खिडकी. सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, एपीटी हे उबुंटूवर सॉफ्टवेअर बसवणारं साधन, पिप हे पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं तसंच साधन, आणि -एल च्या पुढे भाषेचं लघुनाव. या लेखात कमांड फोनवर सांगाव्यात तशा, उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. त्या इथून कॉपी करून चालवायच्या नाहीत. सूचनेत काय खटकतं आणि ती कशी सुधारायची, एवढंच इथे पाहायचं आहे.

वरच्या तीन ओळी पाठवल्या की ठरलेल्या तक्रारी येतात. "कमांड नॉट फाउंड म्हणतंय." "पासवर्ड टाइपच होत नाहीये." "फेल्ड लोडिंग लँग्वेज." "एंटर मारलं, काहीच झालं नाही." कोणीतरी जाणकार त्या माणसाला तेवढ्यापुरता तोडगा सांगतो. सूचना मात्र तशीच राहते, आणि पंधरा दिवसांनी दुसरा कोणी बरोबर त्याच ओळीवर येऊन अडकतो. एकाच ओळीवर तिघं अडकले, तर दोष त्या ओळीत शोधायला हवा. ओळीतली कमांड बरोबर असेलही. पण ती कुठे द्यायची, दिल्यावर काय दिसेल आणि ते दिसलं नाही तर काय, या तीन गोष्टी तिच्या आजूबाजूला लिहिलेल्या नसतात. खालच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी तिथूनच निघतात.

"$: कमांड नॉट फाउंड"

वाचणाऱ्याने ओळ पहिल्या अक्षरापासून कॉपी केली. लिहिणाऱ्याच्या लेखी $ म्हणजे "टर्मिनल तयार आहे". तसं कुठे लिहिलेलं नसेल, तर वाचणाऱ्याला ते कमांडचंच पहिलं अक्षर वाटणार. तुमच्या सूचनेतून हे चिन्ह काढून टाका. ते ठेवून "टाइप करू नका" अशी तळटीप देण्यापेक्षा नसलेलंच बरं.

# चं चिन्ह याहून त्रासदायक आहे. काही सूचनांत अ‍ॅडमिन म्हणून द्यायच्या कमांडच्या आधी # असतं. ती ओळ उबुंटू या लिनक्सवर जशीच्या तशी पेस्ट केली तर एररही येत नाही, कारण बॅश हे तिथलं शेल (टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) # पासून पुढचं सगळं टिपण समजून सोडून देतं. माणूस समाधानाने पुढच्या पायरीवर जातो आणि तीन पायऱ्यांनंतर आपटतो. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना या आवृत्तीपासून झेडशेल हे दुसरं शेल आहे. ते थेट टाइप केलेल्या ओळीत # ला टिपण मानत नाही, त्यामुळे तिथे निदान लगेच तक्रार तरी दिसते.

"सिंटॅक्स एरर": चूक कमांडमध्ये नाही, जागेत आहे

"मारुतीच्या देवळापासून डावीकडे वळा" हा पत्ता ऐकायला ठीक आहे, पण मारुती प्रत्येक गावात असतो. "ही कमांड टाइप करा" हे वाक्य तसंच आहे. उबुंटूचं टर्मिनल, विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट, पॉवरशेल आणि पायथनची स्वतःची खिडकी या चारही ठिकाणी टाइप करता येतं आणि चारही ठिकाणी नियम वेगळे आहेत. पिपची ओळ पायथनच्या खिडकीत दिली की "सिंटॅक्स एरर: इनव्हॅलिड सिंटॅक्स" येतो. नवखा माणूस मग स्पेलिंग तपासत बसतो. स्पेलिंग बरोबरच असतं.

म्हणून सूचनेत खिडकीची ओळख लिहा. ओळीच्या सुरुवातीला >>> दिसत असेल तर तुम्ही पायथनमध्ये आहात, कंसांसकट एक्झिट() टाइप करून बाहेर या. पीएस ही अक्षरं दिसत असतील तर ते पॉवरशेल. नुसता सी ड्राइव्हचा पत्ता आणि > असेल तर कमांड प्रॉम्प्ट. दोन कमांड && ने जोडलेली ओळ विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये चालत नाही, कमांड प्रॉम्प्टमध्ये चालते. अशी जोडओळ देऊच नका. एका चौकटीत एकच कमांड असली की कुठली फसली हेही लगेच कळतं.

एकटं > दिसून सगळं थांबलं असेल, तर बहुधा कुठेतरी अवतरणचिन्ह उघडून बंद करायचं राहिलंय आणि शेल बाकीच्या मजकुराची वाट पाहतंय. कंट्रोल-सी दाबून सुटका करून घ्यावी, हे सूचनेत एकदा तरी लिहिलेलं असावं. नाहीतर लोक खिडकीच बंद करतात आणि पहिल्यापासून सुरू करतात.

<फाइल> असं लिहिल्याने होणारा घोळ

टोकदार कंसात नाव लिहिलं की "इथे तुमचं नाव घाला" असा संकेत लिहिणाऱ्यांमध्ये रुळलेला आहे. शेलसाठी मात्र < आणि > या चिन्हांना स्वतःचा अर्थ आहे: फाइलमधून घेणं आणि फाइलमध्ये ओतणं. कोणी कंसासकट ओळ दिली, किंवा आपल्या फाइलचं नाव टाकून कंस तसेच ठेवले, तर बॅश "सिंटॅक्स एरर निअर अनएक्स्पेक्टेड टोकन" म्हणतं. पॉवरशेलचं उत्तर मजेशीर आहे: < हे चिन्ह "भविष्यातल्या वापरासाठी राखीव" असल्याचं ते सांगतं.

यावर उपाय म्हणजे रिकामी जागा ठेवायचीच नाही. वाचणाऱ्याला आधी सांगा, की स्कॅन केलेल्या एका पानाचं नाव बदलून पान१ करा, पण रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत. मग कमांडमध्ये तेच नाव लिहा. पहिली वेळ तरी ओळ जशीच्या तशी चालली पाहिजे. नाव बदलून पाहणं दुसऱ्या फेरीत होऊ दे.

काहीच होत नाही

इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच तक्रारीत येतात.

पासवर्ड टाइप करताना ना अक्षर दिसतं ना ठिपका. बँकेच्या आणि मेलच्या पानांवर ठिपके पाहायची सवय लागलेल्या माणसाला कीबोर्ड बिघडल्यासारखं वाटतं. लिनक्स मिंटवर तारे दिसतात, उबुंटूच्या बहुतेक आवृत्त्यांवर दिसत नाहीत, म्हणून सांगणारा मिंटवाला असेल तर त्याला हा प्रश्न सुचतच नाही. एका वाक्याचं काम आहे: "काही दिसणार नाही, तरी टाइप करा आणि एंटर दाबा."

दुसरं, एपीटी मध्येच थांबून पुढे जाऊ का विचारतं आणि कंसात वाय व एन दाखवतं. त्यातलं मोठं अक्षर म्हणजे नुसतं एंटर दाबल्यावर धरलं जाणारं उत्तर. हे कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे लोक इन्स्टॉलेशन चालू आहे समजून चहा करून येतात.

तिसरं म्हणजे खरंच यशस्वी झालेली कमांड. युनिक्सच्या घराण्यातल्या बऱ्याच कमांड काम झालं तर चूप राहतात, बिघडलं तरच बोलतात. नवख्याला ही शांतता अपयशासारखी वाटते आणि तो तीच कमांड पुन्हा देतो. प्रत्येक चौकटीखाली "काहीही न दिसता नवीन ओळ आली तर ते बरोबर आहे" किंवा "शेवटी अमुक दिसेल" यातलं एक लिहायचंच.

नव्याने सुरू केलेल्या उबुंटूवर "कुड नॉट गेट लॉक" असा एररही येतो. मागे आपोआप अपडेट चालू असतात आणि एपीटीची गादी त्यांनी अडवलेली असते. इंटरनेटवर याला कुलपाची फाइल डिलीट करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो पाळू नका आणि आपल्या सूचनेत तर अजिबात घालू नका. चालू असलेलं इन्स्टॉलेशन अर्ध्यात विस्कटायचा तो राजमार्ग आहे. थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करा, एवढं लिहा.

कमांड दिसायला बरोबर, तरी चालत नाही

या प्रकाराने जाणकारही गोंधळतात. स्क्रीनशॉट मागवला तर कमांड अक्षर न् अक्षर बरोबर दिसते. चूक डोळ्यांना दिसत नाही, कारण कमांड वाटेत बदललेली असते. आपल्याकडे सूचना बहुतेक वेळा वर्ड फाइल, पीडीएफ किंवा व्हॉट्सअ‍ॅप अशा वाटेने फिरतात आणि प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी ती "सुधारतं".

वर्ड सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं करतं. शेल वळणदार चिन्हं ओळखत नाही. लागोपाठ दोन हायफन दिले की आयफोनचा कीबोर्ड त्यांचा एक लांब डॅश करतो आणि बरीच ब्लॉगची सॉफ्टवेअरंही तेच करतात. मग --लिस्ट-लँग्ज ही सूचना टेसरॅक्टला समजत नाही, ते तिला फाइलचं नाव समजतं. फोनवर टाइप करणाऱ्याचा कीबोर्ड वाक्याचं पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो. लिनक्सला मोठ्या एसने सुरू होणारं सुडो माहीत नाही, त्यामुळे पुन्हा "कमांड नॉट फाउंड". काही पीडीएफांतून कॉपी करताना साध्या स्पेसच्या जागी न तुटणारी स्पेस येते. ती दिसते स्पेससारखीच, पण शेलला ती शब्दाचाच भाग वाटते, म्हणून दोन शब्द जोडले जाऊन तिसराच शब्द तयार होतो.

छापील कागदावरून टाइप करणाऱ्यांची अडचण वेगळी. -एल मधला छोटा एल आणि एकचा आकडा बऱ्याच टाइपांत सारखेच दिसतात. लोक हायफन-एक टाइप करतात. सूचनेत स्पष्ट लिहा: "हा लँग्वेजचा छोटा एल आहे, एक नाही."

मराठीत सूचना लिहिताना यात आपली भर पडते. वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम कमांडला चिकटला की तोही कॉपी होतो. हिंदीतून आलेल्या मजकुरात दंड असतो आणि तो पाइपच्या, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या, उभ्या रेघेसारखाच दिसतो. शेलसाठी ती दोन पूर्णपणे वेगळी चिन्हं आहेत. मराठी कीबोर्ड चालू असताना आकडा टाइप केला तर देवनागरी १ पडतो, आणि पान१ नावाची फाइल समोर असूनही सापडत नाही.

सगळ्यात छुपा सापळा अर्ध्या र चा आहे. "पायऱ्या", "दुसऱ्या", "गोष्टी साऱ्या" यांतला तो आडवा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक नुक्ता असलेल्या ऱ ने, दुसरा साध्या र ला हलन्त लावून आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. कोणता कीबोर्ड वापरला यावर आत काय साठवलंय ते ठरतं. फोल्डरचं नाव "कादंबऱ्या" असेल, ते एका कीबोर्डने दिलेलं असेल आणि तुम्ही दुसऱ्या कीबोर्डने टाइप केलंत, तर संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावं आहेत. "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" हा एरर तेव्हा खरं बोलत असतो. नावाची पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबावं, पुढचं नाव शेल आपणच भरतं आणि जसं साठवलंय तसंच भरतं. तरीही सूचनेत पहिल्या फेरीसाठी रोमन, छोट्या लिपीतलं, स्पेस नसलेलं नाव सुचवणं बरं. मराठी नावांना माझा विरोध नाही. पहिल्याच दिवशी एका वेळी एकच अडचण समोर यावी, इतकंच.

या सगळ्यावरचा उपाय कंटाळवाणा आहे. कमांड नेहमी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये किंवा कोडच्या चौकटीत द्या, तिच्या ओळीत दुसरं काहीही लिहू नका, आणि वर्डमधून पाठवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच असेल तर नोटपॅडची फाइल जोडा.

विंडोजवर: इन्स्टॉल झालं, पण संगणकाला पत्ता नाही

विंडोजसाठी टेसरॅक्टचा तयार इन्स्टॉलर जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठाचं ग्रंथालय बनवतं. तो नेहमीसारखा नेक्स्ट-नेक्स्ट करून बसतो. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये टेसरॅक्ट टाइप केलं की "इज नॉट रेकग्नाइज्ड अ‍ॅज अ‍ॅन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड" येतं. लोक परत इन्स्टॉल करतात. परत तेच.

विंडोज कमांडचं नाव ऐकून पूर्ण डिस्क धुंडाळत नाही, ठरावीक फोल्डरांतच बघते. त्या फोल्डरांच्या यादीला पाथ म्हणतात आणि हा इन्स्टॉलर आपलं फोल्डर त्या यादीत घालत नाही. स्टार्टमध्ये "एन्व्हायरन्मेंट" टाइप करा, "एडिट द सिस्टिम एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्स" उघडा, खालचं एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्सचं बटण दाबा, पाथची ओळ निवडून एडिट, मग न्यू, आणि तिथे प्रोग्राम फाइल्समधल्या टेसरॅक्ट-ओसीआर या फोल्डरचा पूर्ण पत्ता. सगळ्या खिडक्या ओके करत बाहेर या. आणि हे ठळक लिहा: उघडी असलेली कमांड प्रॉम्प्टची खिडकी बंद करून नवी उघडा. जुन्या खिडकीला जुनीच यादी माहीत असते. ही ओळ राहिली तर बाकीचं सगळं बरोबर करूनही माणूस हरलेला असतो.

हेच काम सेटएक्स या एका कमांडने होतं म्हणून ती सुचवण्याचा मोह होतो. जुना पाथ त्यात जोडून देण्याची जी पद्धत सांगितली जाते, तिच्यात १,०२४ अक्षरांच्या पुढचा भाग कापला जातो. नवख्याच्या संगणकावर दुसरी चार सॉफ्टवेअरं बंद पाडायची नसतील तर माउसचा लांबचा रस्ताच बरा.

"फेल्ड लोडिंग लँग्वेज"

हा एरर दिशाभूल करतो. तो टेसडेटा-प्रीफिक्स नावाचं व्हेरिएबल (भाषांच्या फाइली कुठे आहेत ते सांगणारी सेटिंग) नीट लावा म्हणून सांगतो आणि माणूस तासभर त्यामागे जातो. बहुतेक वेळा खरं कारण साधं असतं: मराठीची फाइल आलेलीच नसते. उबुंटूवर टेसरॅक्ट-ओसीआर हे पॅकेज स्वतःसोबत इंग्रजीचीच माहिती आणतं. मराठीसाठी टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर वेगळं मागवावं लागतं. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये "अ‍ॅडिशनल लँग्वेज डेटा" उघडून मराठीवर टिक करावी लागते, आणि नेक्स्ट-नेक्स्टच्या घाईत ती सुटतेच. मॅकवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या होमब्रूमध्ये टेसरॅक्ट-लँग नावाचं दुसरं पॅकेज घ्यावं लागतं. त्यात सगळ्या भाषा एकत्र येतात.

दुसरं कारण भाषेचं लघुनाव. टेसरॅक्ट तीन अक्षरी नाव वापरतं: एम, ए, आर. इतर बऱ्याच ठिकाणी मराठीसाठी एम-आर ही दोनच अक्षरं चालतात, म्हणून लोक तीच देतात, किंवा सरळ मराठी असं पूर्ण नाव लिहितात. पानावर इंग्रजी शब्दही असतील तर एमएआर+ईएनजी असं लिहायचं, मध्ये स्पेस न देता.

टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज ही कमांड बसवलेल्या भाषांची यादी देते. माझ्या मते टेसरॅक्टच्या कोणत्याही सूचनेत ही तपासणी पान वाचायला देण्याच्या आधी असलीच पाहिजे. मराठीचं लघुनाव यादीत दिसलं तर पुढे जा, नाही दिसलं तर मागच्या पायरीवर. अशी एक पाटी रस्त्यात असली की निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

पिपची ओळ कशाला आहे?

सुरुवातीच्या सूचनेतली दुसरी ओळ बहुतेकांना लागतच नाही. पायटेसरॅक्ट हे पायथनमधून टेसरॅक्टला हाक मारण्यापुरतं आहे, आत इंजिन नाही. ज्याला फक्त पानातला मजकूर हवाय त्याला ते नको. आणि ज्यांनी तेवढंच इन्स्टॉल केलं त्यांना "टेसरॅक्ट इज नॉट इन्स्टॉल्ड ऑर इट्स नॉट इन युअर पाथ" असा एरर येतो. तो वाचून माणूस चिडतो, कारण त्याच्या मते त्याने नुकतंच ते इन्स्टॉल केलेलं असतं.

शिवाय ही ओळ आता जुनी झाली आहे. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून, म्हणजे २०२३ पासून, पिपने थेट काही घालायला गेलं की "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायरन्मेंट" म्हणून नकार मिळतो. सिस्टिमचा पायथन बिघडू नये म्हणून तो मुद्दाम ठेवलेला आहे. त्यावर ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस हा पर्याय जोडायचा सल्ला सगळीकडे फिरतोय. त्याचं नावच इतकं बोलकं आहे, की तो सुचवणाऱ्यांचं नवल वाटतं. पायथन खरंच लागणार असेल तर आधी पायथन३-व्हेन्व्ह हे पॅकेज आणि मग वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट (सिस्टिमपासून अलग ठेवलेली पायथनची जागा), हा रस्ता लिहा, आणि तो वेगळ्या भागात लिहा.

फाइल सापडत नाही

आपल्याकडच्या बऱ्याच संगणकांत स्कॅन केलेलं सगळं डी ड्राइव्हवर असतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये सीडी (फोल्डर बदलायची कमांड) देऊन डी ड्राइव्हचा पत्ता टाइप केला तर एररही येत नाही आणि जागाही बदलत नाही, कारण ड्राइव्ह बदलायला सीडीनंतर /डी लागतो. हे समजावत बसण्यापेक्षा सोपा मार्ग सांगा: ज्या फोल्डरमध्ये पान आहे ते उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत सीएमडी टाइप करून एंटर दाबा. खिडकी तिथेच उघडते. विंडोज फाइलच्या नावातलं शेवटचं टिंब आणि पुढची अक्षरं लपवते, त्यामुळे पीएनजी समजून दिलेली फाइल जेपीजी निघते. व्ह्यू मेन्यूतून ती दाखवायला सांगा.

आउटपुटच्या नावालाही एक खोड आहे. टेसरॅक्ट टीएक्सटी आपण होऊन जोडतं. तुम्हीही जोडलंत तर ते दोनदा लागतं आणि मग "फाइल तयारच झाली नाही" अशी तक्रार येते.

सगळं जमलं आणि टर्मिनलमध्येच मजकूर पाहिला, तर काने-मात्रा विस्कटलेले किंवा नुसत्या चौकटी दिसू शकतात. बऱ्याच टर्मिनलांना देवनागरी नीट मांडता येत नाही. मजकूर शाबूत असतो. तो नोटपॅडमध्ये किंवा टेक्स्ट एडिटरमध्ये उघडायला सांगा, नाहीतर यशस्वी झालेला माणूस सगळं काढून टाकून पुन्हा सुरुवात करेल.

दुरुस्त केलेली सूचना

सुरुवातीच्या सूचनेतल्या पहिल्या ओळीची जागा उबुंटूपुरती अशी घेता येईल:

ही सूचना उबुंटू २४.०४ साठी आहे. इंटरनेट आणि तुमचा लॉगिनचा पासवर्ड लागेल.

कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबा. एक खिडकी उघडेल, तिच्यात तुमच्या नावाची एक ओळ असेल. पुढची ओळ कॉपी करा, खिडकीत कंट्रोल-शिफ्ट-व्ही ने पेस्ट करा (नुसतं कंट्रोल-व्ही इथे चालत नाही) आणि एंटर दाबा.

सुडो एपीटी अपडेट

पासवर्ड विचारला जाईल. टाइप करताना काही दिसणार नाही. टाइप करून एंटर दाबा. बऱ्याच ओळी सरकतील आणि पुन्हा तुमच्या नावाची ओळ येईल. मग:

सुडो एपीटी इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर

पुढे जाऊ का असं विचारलं तर एंटर दाबा. "अनएबल टू लोकेट पॅकेज" आलं तर वरची अपडेटची पायरी राहिली आहे किंवा नावात चूक आहे. आता तपासा:

टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज

यादीत एम, ए, आर अशी एक ओळ दिसली पाहिजे. दिसली नाही तर इथेच थांबा आणि विचारा.

जाणकार म्हणतील, एवढं पाल्हाळ कशाला? त्यांच्यासाठी अगदी वर फक्त कमांडची चौकट द्या. ते तेवढंच उचलून निघून जातील. बाकी मजकूर ज्यांच्यासाठी आहे ते तो वाचतात.

पाठवण्याआधी

लिहिणाऱ्याच्या संगणकावर सगळं आधीच बसलेलं असतं: पाथ लागलेला असतो, अपडेट झालेलं असतं, भाषेची फाइल कधीतरी आलेली असते. म्हणून राहिलेली पायरी त्याला कधीच टोचत नाही. उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून "ट्राय उबुंटू" निवडून सुरू केलं, की काहीही इन्स्टॉल न करता कोरा संगणक मिळतो. तिथे स्वतःचीच सूचना ओळीने कॉपी करून चालवा. विंडोजसाठी वेगळं यूजर खातं उघडणं पुरेसं नाही, कारण सिस्टिमच्या पाथची यादी सगळ्या खात्यांना सारखीच मिळते. ज्याच्याकडे टेसरॅक्ट नाही असा दुसरा संगणकच हवा.

मग एक नवखा माणूस. मुंबईच्या आयआयटीतला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प लिनक्ससकट अनेक सॉफ्टवेअरांचे धडे मराठीतही देतो. तिथे धडा रेकॉर्ड होण्याआधी त्याची संहिता विषयाच्या जाणकाराबरोबरच एका नवख्याकडूनही तपासून घेतात. आपण तेवढी यंत्रणा उभी करू शकत नाही, पण घरातल्या भाच्याला किंवा शेजारच्या काकांना समोर बसवता येतं. अट एकच, त्यांना मध्ये काही सांगायचं नाही. ते जिथे मान वर करून तुमच्याकडे बघतील ती ओळ पुन्हा लिहायची.

आणि सूचनेच्या अगदी तळाशी मदत कशी मागायची ते लिहून ठेवा, कारण फोनने काढलेल्या तिरक्या, चमकणाऱ्या स्क्रीनच्या फोटोवरून हायफन आणि डॅश ओळखता येत नाहीत. असं काहीतरी: "अडलात तर तीन गोष्टी मजकूर म्हणून पाठवा: कोणती सिस्टिम, कोणत्या पायरीवर, आणि तुम्ही दिलेल्या कमांडसकट खाली आलेला पूर्ण एरर. उबुंटूवर मजकूर निवडून कंट्रोल-शिफ्ट-सी ने कॉपी होतो, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये निवडून एंटर दाबल्यावर."